शहाणी म्हणवली गेलेली मुलगी

ज्या समाजात मुलीचे कमी बोलणे हा तिचा सद्गुण मानला जातो, त्या समाजात तिच्या न बोलण्यामागचे कारण शोधण्याची निकड कोणालाच भासत नाही. आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या निघालेल्या हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुका याला अपवाद असावा, अशी अपेक्षा करण्याचे काही कारण नाही. येथील कोणत्याही माध्यमिक शाळेच्या नववी-दहावीच्या वर्गात भिंतीच्या कडेला बसणारी, हाक मारली की दचकणारी, विचारलेल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देणारी, परंतु मधल्या सुटीत व्हरांड्याच्या खांबापाशी एकटीच उभी राहणारी एखादी मुलगी आढळते. शिक्षक तिला शांत म्हणतात, शेजारणी शहाणी म्हणतात आणि वर्गातल्या मुली घुमी म्हणतात. अशा सगळ्याच मुली स्वमग्न असतात असे नव्हे. परंतु त्यांतील जी खरोखर स्वमग्न असते, तिच्यावर या तीन विशेषणांचे असे काही आवरण चढते की तिची मैत्री, तिचे घर आणि पुढे सोळाव्या-सतराव्या वर्षी तिच्या मनात प्रथमच उगवणारे प्रेम या तिन्ही ठिकाणी ती ज्या अडचणींशी झुंजते, त्या अडचणी कोणाच्या दृष्टीसच पडत नाहीत.

अशी एक मुलगी मी येथे कल्पनेने उभी करतो. ती कोणा एकीचे चित्र नव्हे, अनेकींच्या अनुभवांची जुळणी आहे. तिचे वय पंधरा. येलदरी आणि सिद्धेश्वर या पूर्णा नदीवरील दोन धरणांतील पाणीसाठ्याचे आकडे ती पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रातून एका वहीत उतरवते आणि गेल्या चार वर्षांतील कोणत्याही तारखेचा आकडा तिला विचारावा, तो ती न अडखळता सांगते. वरातीतील डीजेचा आवाज तिला केवळ नकोसा वाटत नाही, तो तिला शरीरात दुखतो. हळद शिजविण्याच्या दिवसांत शिवारभर पसरणारा उग्र वास, पत्र्याच्या छपरावर एकाएकी कोसळणारा पाऊस, गणवेशाच्या ओढणीची टोचणारी कड या गोष्टींशी झगडण्यातच तिची अर्धी शक्ती खर्ची पडते, आणि उरलेल्या अर्ध्या शक्तीने ती इतर मुलींचे निरीक्षण करीत असते. कोण केव्हा हसते, हसताना मान कशी वळवते, कोणत्या प्रसंगी 'अगं बाई' म्हणायचे असते, हे सारे ती पाठांतराने शिकते आणि शाळा सुटेपर्यंत निभावून नेते. घरी आल्यावर मात्र ती कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडून राहते, नाहीतर भाजी बदलली एवढ्याशा कारणावरून आक्रोश करते. 'शाळेत तर इतकी गुणाची असते, घरीच कशी अंगात येतं हिच्या?' असे आजी विचारते. त्या प्रश्नाचे उत्तर आजीला कोणी कधी दिलेले नसते.

हे उत्तर आजीलाच नव्हे, वैद्यकशास्त्रालाही उशिरा सापडले. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथून स्वमग्नतेचे पहिले सुविख्यात वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे अकरा मुले होती. त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली. मुलग्यांचेच प्रमाण अधिक, हा समज तेव्हापासून रुजला, आणि पुढील काळात लक्षणांच्या याद्या बहुतांशी मुलग्यांना पाहूनच तयार झाल्यामुळे त्या याद्यांत न बसणाऱ्या मुली गणनेतूनच गळाल्या. चार मुलग्यांमागे एक मुलगी, असे दीर्घकाळ सांगितले जाई. २०१७ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार झाला, त्यात हे प्रमाण तिनास एकच्या जवळ आले आणि मुलींची नोंद न होण्याकडे संशोधकांनी स्पष्ट निर्देश केला. आपल्या देशातही पाच ठिकाणी, ज्यांत उत्तर गोव्याचा समावेश होता, दोन ते नऊ वर्षांच्या बालकांची पाहणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत स्वमग्नतेचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आढळले. हे प्रमाण सेनगावसारख्या तालुक्याला लावून पाहिले, म्हणजे शासकीय दप्तरात नोंद नसलेल्या मुलींची संख्या केवढी असेल याचा अंदाज ज्याचा त्याला करता येईल.

कॅनर यांच्या त्या अकरा मुलांचे पुढे काय झाले, हा इतिहास मला फार बोलका वाटतो. पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट हा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावचा. तो त्या गावात वाढला, घराण्याचा संबंध असलेल्या बँकेत त्याने नोकरी केली, तो मोटार चालवी, गोल्फ खेळे, देशोदेशी प्रवास करी; आणि २०२३ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, तो निवर्तला तो आपल्याच गावी. गावाने त्याच्या तऱ्हेवाईकपणासकट त्याला आपला मानले होते. घरची सुस्थिती त्याच्या पाठीशी होती हे खरे, तरी गावाचे श्रेय त्याने कमी होत नाही. आता त्या तीन मुलींकडे पाहा. कॅनर यांनी १९७१ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर, या सर्वांचा पुन्हा शोध घेतला तेव्हा तिघींचेही आयुष्य सरकारी मनोरुग्णालयांच्या भिंतींआड सरत होते. आणि जी मुले अशा संस्थांत गेली त्यांचे बालपणीचे तेज तेथे जाताच मावळले, अशी खंत त्या वृद्ध वैद्याने नमूद करून ठेवली आहे. सेनगाव हेही लहान गाव आहे. येथे प्रत्येकाला प्रत्येकाचे घर ठाऊक असते, कोणाची लेक कोणत्या वाटेने शाळेला जाते हे पानटपरीवाल्यापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सर्वांना माहीत असते. फॉरेस्टने डोनाल्डला जे दिले ते देण्याची ताकद अशा गावात असते, आणि हीच ओळख मुलीवर पाळत ठेवण्याच्याही कामी येते.

मैत्रीचा प्रश्न येथूनच सुरू होतो. स्वमग्न मुलीला मैत्री नको असते, हा समज मला अत्यंत अन्यायाचा वाटतो. तिला बहुधा एकच मैत्रीण हवी असते, आणि ती पूर्ण हवी असते. 'ये ना गं घरी' असे कोणी सहज म्हणाले की ती खरोखर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभी राहते. 'तुझ्याशी कट्टी' असे कोणी थट्टेने म्हणाले की ती रात्रभर झोपत नाही. वास्तविक या मुलुखाला शब्द शब्दशः धरणाऱ्या बालकाचे कौतुक परके नाही. ज्या संत नामदेवांचे मूळ गाव म्हणून याच जिल्ह्यातील नरसीला मान आहे, त्यांच्या बालपणीची आख्यायिका घराघरांत सांगितली जाते: घरच्यांनी देवाला नैवेद्य दाखवायला सांगितले, तर देवाने तो प्रत्यक्ष खाल्ल्यावाचून हलणार नाही असा त्या मुलाने हट्ट धरला, आणि भक्तीची परंपरा सांगते की देवाला खावे लागले. संतचरित्राला आजच्या निदानाचे नाव देण्याचा अविचार मी करणार नाही. एवढेच म्हणतो की त्या बालकाची जी निष्ठा आपण आख्यायिकेत पूज्य मानली, तीच निष्ठा नववीच्या वर्गातल्या मुलीने दाखवली की आपण तिला खुळी म्हणतो. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये असे मांडले की येथे एका बाजूला उणीव आणि दुसऱ्या बाजूला पूर्णता असा प्रकार नाही. दोन भिन्न रीतींनी जग अनुभवणाऱ्यांना परस्परांचे मन कळत नाही, आणि हे न कळणे दुतर्फी असते. शिक्षकांनी हे ध्यानी घेतले, तर वर्गातील एखाद्या समंजस मुलीला शेजारी बसवून, दोघींना मिळून करण्याजोगे एखादे काम देऊन, पुष्कळ साधता येईल. नुसते 'मिळून मिसळून राहा' असे सांगणे म्हणजे तिच्यावर आणखी एका पाठांतराचा बोजा टाकणे होय.

घराविषयी लिहिताना मला आईपासून प्रारंभ करावा लागतो, कारण दोषाचा पहिला वाटा तिच्याच पदरात टाकला जातो. ही रीत केवळ आपल्याकडची नाही. मातेच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, हे मत एकेकाळी पाश्चात्त्य विद्वानांनी मोठ्या अधिकाराने प्रतिपादिले. ब्रूनो बेटलहाइम यांचा त्या मताचा पुरस्कार करणारा ग्रंथ १९६७ मध्ये निघाला. वस्तुतः त्याआधी तीन वर्षे, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते, स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे असे सप्रमाण मांडून त्या मताचा पाया उखडला होता. पण दोष आईला देण्याची सवय प्रमाणांनी जात नाही. आपल्याकडे ती 'तिच्या माहेरचंच खूळ आहे ते' या वाक्यात जिवंत आहे; गरोदरपणी ग्रहण पाहिले, नवस फेडला नाही, मोबाइल हातात दिला, अशी तिची नवी-जुनी रूपे आहेत. ज्या बाईला पहाटेपासून चूल, गोठा आणि निंदण-खुरपण यांतून उसंत नाही, तिने लेकीचा आक्रोशही एकटीने सोसावा आणि त्याचे कारणही स्वतःच व्हावे, याइतकी कठोर शिक्षा दुसरी नसेल. तरीही माझा अनुभव असा की ज्या घरात आत्या, काकू, चुलतभावंडे यांचा राबता असतो, तेथे अशा मुलीला सामावून घेणारे कोणी ना कोणी सापडते: तिचे ताट ठरलेल्या जागी ठेवणारी काकू, पाहुण्यांत तिला बोलते करण्याचा आग्रह न धरणारा मामा. हे शहाणपण कोणत्याही पुस्तकातून आलेले नसते.

आता प्रेमाविषयी. याविषयी बोलायला घर तयार नसते, शाळा तयार नसते, आणि म्हणून येथे मी अधिक रेंगाळणार आहे.

आपल्या साहित्यात आणि रंगभूमीवर बौद्धिकदृष्ट्या वेगळ्या अपत्याचे दुःख आले आहे, ते मोठ्या सामर्थ्याने आले आहे. जयवंत दळवींचे 'नातीगोती' हे नाटक, त्यांच्याच 'ऋणानुबंध' या कादंबरीवरून २०१७ मध्ये निघालेला 'कच्चा लिंबू' हा चित्रपट, १९९१ मधील 'चौकट राजा' ही नावे कोणाला आठवणार नाहीत? परंतु या तिन्ही कलाकृतींत केंद्रस्थानी मुलगा किंवा पुरुष आहे. वयात आलेल्या मुलाच्या देहाचे काय करायचे, हा प्रश्न मराठी प्रेक्षकाने जड अंतःकरणाने का होईना पाहिला. मुलीच्या मनात प्रेम उगवते, हे त्याने क्वचितच पाहिले. २०१४ च्या 'यलो' ने डाऊन सिंड्रोम असलेल्या एका मुलीला नायिका केले, तेही तिच्या पोहण्याच्या पराक्रमामुळे. मुंबईची जिया राय ही स्वमग्न मुलगी २०२४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, इंग्लिश खाडी १७ तास २५ मिनिटांत पोहून गेली, तेव्हा सर्वांचा ऊर अभिमानाने भरून आला आणि तो भरून यावा असाच तो पराक्रम होता. परंतु जिला खाडी पोहायची नाही, जिला केवळ कोणावर तरी प्रेम करायचे आहे आणि कोणीतरी आपल्यावर करावे असे वाटते, तिच्यासाठी आपल्यापाशी काय आहे?

आपली ती धरणांचे आकडे लिहिणारी मुलगी आता सोळा वर्षांची आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील एका मुलाने एके दिवशी तिची वही पाहिली, आकडे चाळले आणि 'भारी आहे हे' असे तो मनापासून म्हणाला. तोवर त्या वहीला कोणी नावाजले नव्हते. त्या दिवसापासून तो मुलगा तिच्या विचारांचा एकमेव विषय झाला. तो ज्या वळणावरून जातो तेथे ती ठरलेल्या वेळी उभी राहू लागली, त्याच्या सदऱ्यांचे रंग तिने तारीखवार लिहून ठेवले, आणि एके दिवशी चौघांदेखत त्याच्या पुढ्यात जाऊन तिने सरळ सांगितले की तू मला आवडतोस. यात लबाडी नाही, छचोरपणा नाही. आडवळणाने सूचित करण्याची जी कला इतर मुली नकळत शिकतात ती तिच्यापाशी नाही, एवढेच. मुलगा गांगरतो, मित्र हसतात, आणि संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोहोचते.

पुढे काय घडते याचा क्रम आपल्याकडे ठरलेला आहे. मोबाइल काढून घेतला जातो, शाळा बंद होते, आणि 'लग्न झालं की येईल ताळ्यावर' या वाक्याने पाहुण्यांची ये-जा सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले; ज्या परभणीच्या अमलाखाली सेनगावचा भाग १९९९ पर्यंत होता, तेथे हे प्रमाण ४८ टक्के. जी मुलगी अनोळखी स्पर्शाने दचकते, जिला जेवणाच्या ताटाची जागा बदलली तरी जग कोसळल्यासारखे होते, तिला एका दिवसात दुसऱ्या घरात, दुसऱ्या बिछान्यात, दुसऱ्या नावाने नेऊन सोडणे याला उपाय म्हणणाऱ्यांनी क्षणभर तिच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. तिने न बोलणे ही तिची संमती मानली जाईल. तिचे आजवरचे शहाणपण, तिचा आज्ञाधारकपणा हीच तिच्याविरुद्धची साक्ष ठरेल.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मोठ्यांचे ऐकावे, उलट बोलू नये, एवढेच जिला आयुष्यभर शिकवले, ती शब्द जशाच्या तशा खऱ्या मानणारी मुलगी एखाद्या कपटी इसमाच्या हाती सहज सापडते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील संमती मानलेली नाही, हा बंदोबस्त योग्यच. परंतु कायदा गुन्हा घडल्यानंतर जागा होतो. त्याआधी तिला जे कळायला हवे ते तिच्या भाषेत, म्हणजे आडपडदा न ठेवता, नेमक्या शब्दांत, क्रमाने आणि पुनःपुन्हा सांगावे लागते: पाळी म्हणजे काय, शरीराचा कोणता भाग कोणी पाहू वा स्पर्श करू शकतो, आवडणे आणि आवडले म्हणून सांगणे यांत किती अंतर राखायचे, समोरच्याने दोनदा उत्तर दिले नाही तर ते नाहीच समजायचे, आणि आपण 'नाही' म्हटले तर ते मोठ्या माणसालाही ऐकावेच लागते. सूचकतेची आपली सारी मर्यादशीलता येथे कुचकामी ठरते. आई लाजली, बाई लाजल्या, तर हे ज्ञान तिला वाईट हेतूच्या माणसाकडून मिळेल. तिला जपण्याच्या नावाखाली पाळले जाणारे हे मौन तिच्या स्वमग्नतेपेक्षा अधिक घातक आहे, असे माझे ठाम मत आहे.

या मौनाचा शेवट कोठवर जातो, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे करण्यात आले; स्त्री-संघटनांनी आवाज उठविल्यावर तो कार्यक्रम थांबला. आज कायदा निराळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीचा स्वतःच्या मातृत्वाविषयीचा निर्णय मान्य केला. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, ज्याने पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी एकवीस प्रकार मानून स्वमग्नतेला त्यांत स्थान दिले, आपल्या दहाव्या कलमात दोन गोष्टी सांगितल्या: अशा व्यक्तीला प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती उपलब्ध करून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि तिच्या मुक्त व सुजाण संमतीवाचून वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार तिच्यावर करता येणार नाही. दुसरी गोष्ट निषेधाची असल्याने लक्षात राहते. पहिली गोष्ट, माहितीचा हक्क, कोणत्या शाळेत अमलात येते?

यंत्रणा नाही असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, आणि तपासावयाच्या बाबींच्या यादीत स्वमग्नता आहे. गटसाधन केंद्राकडे विशेष शिक्षकांची तजवीज आहे. दाखल्यासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. तीत सत्तर गुणांपासून स्वमग्नता मानली जाते. परंतु जी मुलगी हसण्याचे पाठांतर करून आली आहे, ती पथकासमोर पाच मिनिटे हसेल, नजरेला नजरही देईल, आणि पथक पुढच्या वर्गाकडे वळेल. म्हणून तपासनिसाने मुलीला पाहण्याआधी आईला विचारले पाहिजे की शाळेतून परतल्यावर ही काय करते. मधल्या सुटीत ती कोठे उभी असते, हे शिक्षकांना विचारले पाहिजे. दाखला मिळाला तर दहावीच्या परीक्षेत अधिक वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. या सवलतींचे मोल मोठे आहे. गावातील पुष्कळ पालक मात्र दाखल्याला भितात, कारण त्या कागदाने मुलीचे लग्न अडेल असे त्यांना वाटते. आणि मला तर असे वाटते की अठराच्या आतले लग्न त्या कागदाने अडणार असेल, तर तेवढ्याचसाठीही तो काढावा.

अठरा पूर्ण झाल्यावर आणखी एक अर्ज पुढे येतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे आईवडील सज्ञान लेकीचे पालकत्व मागू शकतात, आणि पुष्कळ वेळा ते मागतात ते केवळ काळजीपोटी. २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली आहे, जीत पालकाने तिच्याऐवजी नव्हे, तिच्या सोबतीने निर्णय घ्यावयाचा असतो. ज्या मुलीला धरणाच्या चार वर्षांच्या नोंदी राखता येतात, तिला आपल्या बँकखात्याच्या राखता येतील की नाही, तिला शिकायला हिंगोलीला राहायचे आहे की सेनगावातच, आणि ज्याने तिची वही वाचली त्याच्याशी तिला आजही बोलावेसे वाटते का, हे त्या अर्जावर सही करण्यापूर्वी तिलाच विचारावे, आणि तिला उत्तर लिहून द्यायचे असेल तर त्यासाठी हवा तेवढा वेळ द्यावा.